दमा : ओळख रोगाची, पारख औषधांची

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'तमक श्वासा'चे वर्णन वाचताना दम्याचा रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो. आडवे झाले की त्याचा जीव घाबरा होतो, उठून बसले की थोडे बरे वाटते. ढगाळ हवा, गारठा आणि पूर्वेचा वारा यांनी त्रास बळावतो. उष्ण पदार्थ हवेसे वाटतात. हे निरीक्षण सूक्ष्म आहेच, परंतु त्याहून महत्त्वाचा आहे तो ग्रंथकाराने या व्याधीबद्दल दिलेला निर्णय. व्याधी नवी असेल तर साध्य, एरवी 'याप्य'. याप्य म्हणजे जी समूळ जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणसाला नीट जगू देते अशी व्याधी. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट दिलेला टेकू जसा घर तोलून धरतो, तसे याप्य व्याधीतील औषधाचे कार्य असते, असा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आज आपल्या घरोघरी पुरता रुजलेला आहे असे म्हणता येत नाही. आपल्याला दमा एक तर कायमचा बरा करून हवा असतो, नाही तर तो नसल्यासारखे वागायचे असते. उत्तरेकडे 'दमा दम के साथ जाता है' अशी म्हण आहे आणि तीत रोगाविषयीची सारी हताशा सामावलेली आहे. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक अभ्यासमालेच्या २०१९ च्या अनुमानानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा आहे. जगातील दम्याच्या एकूण रुग्णांपैकी हे साधारण तेरा टक्के. मात्र दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये भारताचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. रुग्णसंख्येच्या मानाने मृत्यू इतके जास्त का, हा प्रश्न कोणालाही पडावा. औषधे उपलब्ध नाहीत, असे त्याचे उत्तर नाही. ती येथेच तयार होतात, भारतातून परदेशीही जातात आणि जगाच्या मानाने स्वस्त आहेत. उत्तराचा मोठा भाग औषधांविषयीच्या आपल्या समजुतींत दडलेला आहे. म्हणून रोग थोडक्यात पाहून औषधांकडे जरा सविस्तर वळू.

श्वासनलिकेत काय घडते?

श्वासनलिका छातीत उतरल्यावर उलट्या धरलेल्या झाडाप्रमाणे फांद्या-उपफांद्यांत विभागली जाते. या वाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंचे वेढे असतात आणि आतून नाजूक अस्तर असते. दमेकऱ्याच्या या अस्तराला कायमचा सौम्य दाह असतो. बाहेरून काही दिसत नाही, अनेकदा त्रासही जाणवत नाही, पण अस्तर सुजलेले आणि हळवे असते. इतरांना ज्याने फार तर एखादी शिंक येईल, अशा धुळीने, धुराने, गार हवेने किंवा सर्दीच्या विषाणूने हे हळवे अस्तर चवताळते. मग तीन गोष्टी एकत्र घडतात : स्नायूंचे वेढे आवळतात, अस्तर आणखी सुजते आणि चिकट कफ साठतो. आधीच अरुंद झालेली वाट तिन्ही बाजूंनी बुजत जाते.

श्वास आत घेताना छाती फुगते आणि वाहिन्याही थोड्या ताणल्या जातात. सोडताना त्या पुन्हा मिटू लागतात. म्हणून दम्यात हवा आत जाते, पण बाहेर पडत नाही. छातीतून शिट्टीसारखा जो आवाज ऐकू येतो तो या कोंडलेल्या हवेचा. पहाटे दोन ते चारच्या सुमारास त्रास वाढतो. शरीरातील नैसर्गिक स्टिरॉइडचे प्रमाण रात्री सर्वांत कमी असते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

दमा कोणता, हे ओळखण्यासाठी छातीचे चित्र फारसे उपयोगी पडत नाही. ते बहुधा स्वच्छच येते. खरी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकायचे आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजायचे. मग वाहिन्या रुंद करणारे औषध देऊन पुन्हा फुंकायचे. या दुसऱ्या वेळी बारा टक्के आणि किमान २०० मिलिलिटर इतकी सुधारणा दिसली, तर दम्याच्या निदानाला भक्कम आधार मिळतो. वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्या किंवा चुलीच्या धुरात आयुष्य घालवलेल्या व्यक्तीस उतारवयात लागणारी धाप ही पुष्कळदा वेगळ्या रोगाची असते आणि तिचे औषधोपचारही वेगळे असतात. त्रास नसलेल्या दिवशी दमेकऱ्याची चाचणी अगदी सामान्य येऊ शकते, तेवढ्यावरून 'तुम्हाला काही नाही' असे समजू नये.

येथे एक खेदाची बाब नमूद करावीशी वाटते. मुलाला, विशेषतः मुलीला, दमा आहे हे ऐकण्याची पालकांची तयारी नसते. पुढे लग्नात अडचण येईल ही धास्ती असते. डॉक्टरही मग सौम्य नाव शोधतात. 'बाळदमा', 'ॲलर्जिक ब्राँकायटिस', 'छाती नाजूक आहे' इत्यादी. नाव सौम्य केले की उपचारही सौम्य होतात. खोकल्याचे औषध आणि प्रतिजैविके यांच्या फेऱ्यात चार-सहा वर्षे सहज निघून जातात.

धोतऱ्यापासून फवाऱ्यापर्यंत

दम्याच्या औषधांचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्याचे काही धागे थेट भारतात येऊन पोहोचतात. धोतऱ्याचा धूर ओढल्याने धाप कमी होते, हे आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक होते. मद्रासमधील ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी ही माहिती जनरल जेंट यांना दिली आणि १८०२ साली तो उपाय इंग्लंडला पोहोचला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोप-अमेरिकेत दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या! आजच्या वाचकाला हे विनोदी वाटेल. परंतु धोतऱ्यातील ज्या द्रव्यांमुळे श्वासवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, त्याच कुळातील ॲट्रोपिनवरून इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही आजची औषधे घडवली गेली. धोतरा स्वतः मात्र विषारी आहे. त्याचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये.

आपल्या परसातील अडुळशाचीही अशीच कथा आहे. त्यातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या धर्तीवर कफ पातळ करणारे ब्रोम्हेक्सिन तयार झाले आणि त्यापासून पुढे ॲम्ब्रोक्सॉल. खोकल्याच्या कितीतरी औषधांच्या बाटल्यांवर ही नावे दिसतात. चीनमध्ये 'मा हुआंग' या वनस्पतीचा काढा श्वासरोगावर दिला जाई. तिच्यातून जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ साली एफेड्रिन वेगळे केले. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दम्याच्या झटक्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीच वापरात आले. ही दोन्ही औषधे धाप थांबवीत, पण हृदयाचीही धडधड वाढवीत.

सर्वांत वेधक गोष्ट आहे रॉजर अल्टुन्यान या डॉक्टरांची. ते स्वतः दमेकरी होते. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीतील 'खेलिन' या द्रव्यापासून त्यांच्या प्रयोगशाळेत नवनवी संयुगे बनवली जात. अल्टुन्यान प्रत्येक संयुग आधी स्वतः घेत आणि मग गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून मुद्दाम स्वतःला दम्याचा झटका आणत. वर्षानुवर्षे चाललेल्या या आत्मक्लेशातून १९६० च्या दशकात क्रोमोग्लायकेट हे औषध हाती आले. ते कोरड्या पावडरीच्या रूपात ओढावे लागे, त्यासाठी त्यांनी पंख्याच्या पात्यासारखी फिरणारी एक नळीही बनवली. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते, तो अनुभव येथे कामी आला. क्रोमोग्लायकेट आता मागे पडले आहे, पण कॅप्सूलमधली पावडर ओढण्याची पद्धत आपल्याकडे लाखो रुग्ण रोज वापरतात.

दाबताच ठरावीक मात्रेचा फवारा देणारा 'पंप' १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारले होते, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळू नये? एका शाळकरी मुलीच्या या प्रश्नाने दम्याच्या उपचाराचे स्वरूपच पालटले. त्यानंतर १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आणि १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन ही दोन औषधे फवाऱ्याच्या रूपात आली. आजच्या उपचाराचे दोन खांब तेच आहेत, आणि त्यांतील फरक ज्याला कळला त्याला दम्याचे अर्धे शास्त्र कळले असे समजावे.

उतारा आणि राखण

दम्याची औषधे मुख्यतः दोन जातींची असतात. पहिली तात्काळ आराम देणारी. साल्ब्युटामॉल आणि लेव्होसाल्ब्युटामॉल ही त्यांतील परिचित नावे. ती आवळलेले स्नायू सैल करतात; पाच मिनिटांत गुण येतो आणि चार ते सहा तास टिकतो. दुसरी जात रोग काबूत ठेवणाऱ्या औषधांची, म्हणजे मुख्यतः ओढायच्या स्टिरॉइडांची : बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन. ती अस्तराचा दाह शमवतात. घेतल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. परिणाम दिसायला काही दिवस, पूर्ण दिसायला काही आठवडे लागतात.

आणि सारा घोटाळा येथेच होतो. ज्याने क्षणात मोकळे वाटते ते 'खरे औषध' आणि ज्याने काहीच जाणवत नाही ते 'डॉक्टरांनी उगीच लिहून दिलेले' अशी रुग्णाची धारणा होते. महिनाअखेर खर्चाला कात्री लावायची वेळ आली की दुसरे बंद होते आणि पहिले चालू राहते. प्रत्यक्षात पहिल्या औषधाने दाहाला बोटही लागत नाही. वाहिन्या उघडलेल्या राहतात, रुग्णाला बरे वाटते आणि आतले अस्तर मात्र सुजतच जाते. मग एखाद्या रात्री सर्दीचे निमित्त होते आणि नेहमीचे दोन फवारे पुरे पडत नाहीत.

याचा इशारा इतिहासाने दिलेला आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये आयसोप्रेनॅलिनचे तीव्र मात्रेचे फवारे सर्रास मिळू लागले आणि तरुण दमेकऱ्यांच्या मृत्यूंची संख्या अकस्मात वाढली. धोक्याची सूचना देऊन विक्रीवर बंधन आणल्यावर ती उतरली. पुढे न्यूझीलंडमध्येही अशाच एका औषधाबाबत तेच घडले. जागतिक पातळीवर दम्याच्या उपचाराचे मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेने अखेर २०१९ साली आपल्या शिफारशींत मूलभूत बदल केला : प्रौढांना आणि बारा वर्षांवरील मुलांना केवळ तात्काळ आराम देणाऱ्या औषधावर ठेवू नये, दमा सौम्य असला तरी ओढायचे स्टिरॉइड सोबत असलेच पाहिजे.

यासाठी सध्या जी जोडी पसंत केली जाते ती बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांची. फॉर्मोटेरॉल साल्ब्युटामॉलइतक्याच त्वरेने वाहिन्या उघडते आणि त्याचा परिणाम बारा तास राहतो. एकाच पंपात दोन्ही असल्याने रुग्णाने आरामासाठी जरी तो ओढला, तरी दाहशामक स्टिरॉइड आपोआप पोटात नव्हे, जागेवर पोहोचते. माणसाचा आळस गृहीत धरून योजलेला हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. साल्मेटेरॉल हे औषधही बारा तास टिकते, पण त्याचा गुण सावकाश येतो, म्हणून झटक्यात त्याचा उपयोग नाही. शिवाय साल्मेटेरॉल किंवा फॉर्मोटेरॉल ही औषधे दम्यात स्टिरॉइडच्या सोबतीशिवाय एकटी घेणे धोक्याचे ठरले आहे.

आपण नेमके कोठे आहोत हे पाहायचे असेल, तर साधा हिशेब करावा. साल्ब्युटामॉलच्या पंपात सामान्यतः २०० फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर तीव्र झटक्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. महिन्याला एक संपत असेल, तर तो धोका जिवाचा आहे. असा रुग्ण 'मला पंपाने आराम पडतो' असे म्हणत असतो, हे विशेष.

भीती गोळीची नाही, पंपाची!

'पंप शेवटचा उपाय. एकदा सुरू केला की सवय लागते.' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, कदाचित उच्चारलेलेही असेल. आता मात्रांची तुलना पाहावी. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. दोन फवारे म्हणजे २००. त्याच औषधाची गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची. दोन फवाऱ्यांच्या वीसपट! गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सर्वांगात फिरते आणि मग थोडीशी फुप्फुसात पोहोचते. हात कापतात, छाती धडधडते आणि गुण उशिरा येतो. स्टिरॉइडचेही तसेच. बुडेसोनाइडचा नेहमीचा एक फवारा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमचा. तीव्र झटक्यात प्रेडनिसोलोनची दिवसाची मात्रा ४० मिलिग्रॅमपर्यंत जाते. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे तुलना काटेकोर नव्हे. पण शरीराला सोसावे लागणारे प्रमाण किती वेगळे आहे हे तीवरून ध्यानात यावे. जी माणसे स्टिरॉइडच्या भीतीने पंप टाळतात, त्यांच्यावरच वर्षातून तीन-चार वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या घेण्याची पाळी येते.

ओढायच्या स्टिरॉइडचे दुष्परिणाम नाहीत असे नाही. घसा बसतो, तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी औषधानंतर खळखळून चूळ भरून थुंकणे. लहान मुलांच्या उंचीवर थोडा परिणाम होतो. दीर्घकाळ पाहणी केलेल्या मुलांत तो सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास आढळला. आटोक्यात नसलेला दमा मुलाची झोप, शाळा आणि खेळ हिरावून घेतो. त्यापुढे हा एक सेंटिमीटर तोलून पाहावा. गरोदरपणात तर पंप बंद करणे ही मोठी चूक ठरते, कारण आईला श्वास कमी पडला तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो. सवयीविषयी म्हणाल, तर चष्म्याची जेवढी सवय लागते तेवढीच याची.

प्रश्न खरा आहे तो पंप वापरण्याच्या रीतीचा. फवाऱ्याचा पंप हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश, खोल श्वास घेण्यास आरंभ करतानाच तो दाबावा आणि दहा सेकंद श्वास रोखावा. कॅप्सूलच्या पावडरीचे यंत्र याच्या नेमके उलट : तेथे श्वास जोराने आणि वेगाने ओढावा लागतो, नाही तर पावडर यंत्रातच राहते. एक साधन सोडून दुसरे घेतलेले रुग्ण येथे हमखास फसतात. ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही असतात. त्यांना हसू नये, कारण औषध देताना ते करून दाखवण्याची तसदी पुष्कळदा कोणी घेतलेलीच नसते. फवारा थेट तोंडात मारल्यास औषधाचा थोडाच भाग फुप्फुसात पोहोचतो, उरलेला घशाला चिकटतो. यासाठी पंपाला 'स्पेसर' ही पोकळ नळी जोडावी. मुले आणि वृद्ध यांनी तर ती वापरलीच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी अर्धा लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंपाच्या मापाचे भोक पाडून स्पेसर बनवला आणि झटका आलेल्या मुलांत तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडतो असे दाखवून दिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले.

गोळ्या, इंजेक्शने आणि मासा

गोळ्यांपैकी थिओफायलिनचे कुळ आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने ते जपून द्यावे लागते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतले तर त्याची रक्तातील पातळी वाढते. मॉन्टेल्युकास्ट सर्दी आणि दमा दोन्ही असणाऱ्यांना उपयोगी पडते, मात्र त्याने काहींच्या मनःस्थितीवर विपरीत परिणाम होतो : झोप उडणे, चिडचिड, खिन्नता, क्वचित आत्मघाताचे विचार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली याविषयी ठळक इशारा दिला. मुलाला हे औषध सुरू केल्यावर त्याचे वागणे बदलले, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. ओमालिझुमॅबसारखी नवी जैविक इंजेक्शने अतितीव्र दम्याच्या निवडक रुग्णांसाठी आहेत आणि महाग आहेत.

दर वर्षी जूनमध्ये मृग नक्षत्राच्या मुहूर्तावर हैदराबादेत बत्तिनी कुटुंबाकडून जिवंत माशाच्या तोंडातून औषध दिले जाते आणि त्यासाठी देशभरातून हजारो लोक जमतात. कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथाही मध्य भारतात आणि महाराष्ट्रात आहे. अशा उपायांनी दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. तरी त्या गर्दीची टवाळी करण्याचे कारण नाही. रात्र रात्र बसून काढलेला माणूस कोठेही जाईल. धोका तेव्हा उद्भवतो, जेव्हा मासा गिळला म्हणून पंप बंद होतो. नाव नसलेल्या पुड्यांबद्दल मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून दिल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे वारंवार आढळले आहे. गुण झटपट येतो तो त्यामुळेच. आणि मग फुगलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडे हेही त्यामुळेच.

दुसऱ्या रोगाची औषधेही दमा चिघळवू शकतात, हे ज्येष्ठ वाचकांनी ध्यानात ठेवावे. रक्तदाबासाठीचे प्रोप्रॅनोलॉल, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब, काही रुग्णांत ॲस्पिरिन आणि तत्सम वेदनाशामके. नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर आपण दम्याविषयी सहसा बोलत नाही, ते बोलावे.

चेतवणाऱ्या गोष्टींची यादी प्रत्येकाची वेगळी. जुन्या कापसाच्या गाद्या-उश्यांतील सूक्ष्म किडे, ओल आलेल्या भिंती, गाजरगवताचे पराग, मिरचीच्या फोडणीचा ठसका, डासांच्या अगरबत्तीचा धूर, दिवाळीचे फटाके, दिल्लीकडचा नोव्हेंबर. बदलीच्या नोकरीत गाव बदलले की दमा उफाळतो किंवा मावळतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

खर्च आणि विमा

बुडेसोनाइड, साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची जोडी ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या सूचीत असल्याने त्यांच्या किमतींवर शासनाचे नियंत्रण आहे. जनऔषधी केंद्रांत आणखी स्वस्त पर्याय चौकशी करून पाहावेत. आरोग्य विमा घेताना दमा लपवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, खोट्या माहितीमुळे पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीची प्रतीक्षा विमा नियामकाने २०२४ साली जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आहे. पंपाचा दरमहाचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींत मिळत नाही.

झटका आला तर

रुग्णाला आडवे करू नये. खुर्चीत सरळ, किंचित पुढे झुकवून बसवावे, भोवतीची गर्दी हटवावी. आराम देणाऱ्या पंपाचे फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यावेत. साल्ब्युटामॉल असल्यास चार ते दहा फवारे, आणि पहिल्या तासात गरज भासल्यास वीस-वीस मिनिटांनी पुन्हा. ही मात्रा आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावा. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तो गुंगीत जात असेल, किंवा छातीतला आवाज अकस्मात थांबूनही धाप कायम असेल, तर थांबू नये. आवाज थांबला म्हणजे बरे वाटू लागले असे घरच्यांना वाटते. पुष्कळदा त्याचा अर्थ हवा आत-बाहेर जाणेच बंद होत आले आहे, असा असतो. अशा वेळी रुग्णालय गाठावे. बहुतेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाटेतही फवारे चालू ठेवावेत. प्रवासात पंप मोठ्या बॅगेत न ठेवता खिशात किंवा हातातल्या पिशवीत असावा, आणि ज्या पंपावर फवाऱ्यांचा आकडा दिसत नाही, त्यावर तो उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे घेणाऱ्याचा १२० फवाऱ्यांचा पंप बरोबर तिसाव्या दिवशी संपतो. त्यानंतरही तो हलवला तर आतून खुळखुळ आवाज येतो, दाबला तर फवाराही निघतो. फक्त त्यात औषध पुरेसे नसते.